अक्कांची पहिली ताटली

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडून पहिली गोष्ट निघाली ती, "काय खाल्लं होतं त्यांनी?" फोनवर सुभाष होता, अक्कांचा मुलगा. त्याने आधी 'आं?' केलं. मग म्हणाला, "काय न्हाई ओ काकी, नुसता चा घेतला. पायरीवर बसली हुती आई, बसल्या जागी मान टाकली." अशा वेळी माणसं कधी झालं विचारतात, जवळ कुणी होतं का विचारतात. मी काय खाल्लं ते विचारलं. आणि चहा म्हटल्यावर रडू येण्याआधी मला हायसं वाटलं. हे इथंच कबूल करून टाकते, कारण ते लपवून अक्कांबद्दल लिहिणं म्हणजे शुद्ध खोटेपणा होईल.

आठच दिवसांपूर्वी मी साताऱ्याहून गावी गेले होते. आमचं गाव आष्ट्याजवळ, कृष्णाकाठी. चैत्रात नदीचं पाणी उतरतं, काठची गाळाची मळई उघडी पडते आणि तिच्यावर घोळू उगवतो... लालसर देठांची, जाड पानांची, जमिनीलगत पसरणारी आंबटसर भाजी. मरळीच्या कालवणात ती घालायची, हा आमच्या घरचा चैत्र. अक्कांचे डोळे मोतीबिंदूने गेल्यात जमा होते, म्हणून यंदा घोळू पहिल्यांदाच मी एकटीने निवडला. सगळे जेवले, कुणाला काही झालं नाही. आठ दिवसांनी अक्का गेल्या. डॉक्टर म्हणाले हृदय थांबलं. कुठलाही पाला आठ दिवस दबा धरून बसत नाही, हे मलाही समजतं. मी शाळेत तीस वर्षं मुलांना शिकवलंय. पण मी निवडलेल्या जुडीत एखादी चुकीची काडी राहिली होती का, हा प्रश्न काही केल्या माझी पाठ सोडेना.

अक्का म्हणजे हौसाबाई, माझी थोरली जाऊ. मी लग्न होऊन त्या घरात गेले तेव्हा आमचे हे फौजेत होते, आणि अक्कांच्या हाताखाली मी एकटी. साताऱ्याला माझ्या माहेरी मासा म्हणजे सुके बोंबील. जिवंत मरळ मी पहिल्यांदा अक्कांच्या बादलीत पाहिली, सापासारख्या तोंडाची, आणि चांगली चार पावलं मागं सरले. अक्कांनी ती राखेत घोळली, दगडावर घासली, तुकड्यांना मीठ-हळद चोळली. भाजलेलं खोबरं, लसूण, आमची कांदा-लसूण चटणी, असं कालवण चुलीच्या वैलावर रटरटायला लागलं की शेवटी मूठभर घोळू आणि चिंचेचा कोवळा पाला. वास असा की पोटात खड्डाच पडावा. पुरुषमाणसं पाटावर येऊन बसली. मामंजीही बसले. आणि अक्कांनी काय करावं? एक जर्मलची, म्हणजे ॲल्युमिनियमची, ताटली घेतली, तिच्यात स्वतःला वाढून घेतलं आणि भिंतीला टेकून एकट्या जेवायला लागल्या. सासरे समोर रिकाम्या ताटावर बसलेले, आणि थोरली सून जेवतेय.

मी आतल्या आत नुसती धुमसत होते. जेवून झाल्यावर त्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसल्या. अर्धा तास झाला तरी वाढायचं नाव नाही. मामंजी हळूच म्हणाले, "झाला की गं अर्धा तास." अक्का म्हणाल्या, "घड्याळ म्होरं हाय जरा." अजून पाच मिनिटं गेली, मग कुठं आमच्या ताटात रस्सा पडला. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम रेडिओच्या बातम्यांबरोबर ते घड्याळ ताडून पाहिलं. बरोबर होतं. मग काय, यांना चार पानी पत्र लिहिलं, 'तुमची वहिनी मोठी शहाणी आहे, सासऱ्यांच्या आधी गिळते.' यांचं उत्तर आलं, त्यात पहाडावरचं बर्फ होतं, मेसमधली डाळ होती, वहिनीबद्दल अवाक्षर नव्हतं. सगळ्या गावाला माहीत असलेली गोष्ट मला कुणीच सांगत नव्हतं.

ती कळली तिसऱ्या चैत्रात. मला दिवस होते, भूक आवरत नव्हती. अक्का मागं पाणी तापवायला गेल्या तशी मी पातेल्यातला एक तुकडा उचलून पाल्यासकट तोंडात टाकला. त्या परत आल्या आणि मला बोटं चाटताना त्यांनी पाहिलं. मला वाटलं आता बोलणी बसणार. पण त्यांचं तोंड पांढरंफटक पडलं. माझा हात धरून त्यांनी मला खाली बसवलं. "जीभ चुरचुरती का? पोटात कळ? सांग, लाजू नगंस." नाही म्हटलं. मिनिटभराने पुन्हा तेच. मग त्यांनी मला जीभ बाहेर काढायला लावली आणि उजेडात निरखून पाहिली. तेव्हा मी भ्याले. मला वाटलं, या बाईला काहीतरी माहीत आहे आणि मी आता मरणार, पोटातल्यासकट मरणार. अर्धा तास आम्ही दोघी तशाच बसलो होतो. मग त्या बोलल्या.

सुभाषच्या आधी त्यांना एक मुलगी होती, मंगल, तीन वर्षांची. त्या चैत्रात वरून कुठूनतरी घाण पाणी नदीत आलं आणि मासे तडफडत काठाला लागले. सगळं गाव पाट्या घेऊन धावलं. फुकटचा मासा, अजून कल्ले हलतायत, कोण सोडतंय? अक्काही गेल्या, आणि येताना घाईघाईत ओच्यात घोळू खुडून आणला. घोळूसारखंच लालसर देठाचं, जमिनीलगत पसरणारं एक तण असतं, आम्ही त्याला दुधाणी म्हणतो. फरक एवढाच, दुधाणी मोडली की पांढरा चीक येतो, घोळूला येत नाही. एरवी काडी न् काडी मोडून बघायची. त्या दिवशी बघितली नाही. सगळ्यांना उलट्या झाल्या, मोठी माणसं सावरली. मंगलला ट्रॅक्टरवरून आष्ट्याला नेईपर्यंत ती गेली होती. घरी येऊन अक्कांनी उरलेला घोळू सुपात ओतला आणि काडी न् काडी मोडली. त्यात तीन काड्यांना चीक आला.

"गावात बाकीच्यांनी बी त्योच मासा खाल्ला," अक्का म्हणाल्या. "कुनाला वकाऱ्या झाल्या, कुनाला न्हाई. मग मासा हुता का माझा पाला? कोन सांगनार? तवापास्नं इचारतीया मी."

"मग अक्का, करताच कशाला? सोडून द्या की."

"सोडलंच हुतं. वरीसभर मासा शिवला न्हाई. मग मामंजी सोता जित्ती मरळ घिऊन आलं. म्हनलं, हौसा, कर. आज माशाला भ्यालीस तर उद्या भाकरीला भिशील. मी म्हनलं, करती, पर आदी मी खानार."

मला माझ्या चार पानी पत्राची इतकी लाज वाटली... म्हटलं, "इथून पुढं मीही तुमच्याबरोबर पहिल्यांदा बसते." अक्का पहिल्यांदाच माझ्यावर खेकसल्या, "दोघी गेलो तर पोरास्नी कोन?"

त्यानंतरचे सगळे चैत्र मी भीतभीतच जेवले. काडी मोडायला बसायचे तेव्हा तीच काडी पुन्हा मोडायचे. अक्का ताटली घेऊन टेकल्या की त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहायचे. त्यांनी घाम पुसला तरी 'काय होतंय का?' म्हणून विचारायचे. सुभाष मोठा झाला, माझा मुलगा झाला, मामंजी गेले, चुलीचा गॅस झाला. ताटली तीच आणि घड्याळ म्होरंच. त्यांना मात्र मला चिडवायला आवडायचं. "बघतीस काय टकामका? माझ्या माघारी ही ताटली तुलाच हाय." मी म्हणायचे, "आवं अक्का, मला नको तुमची ती ताटली." त्या तोंडाला पदर लावून हसायच्या.

तेराव्याला सुभाषच्या बायकोने विचारलं, आठवण म्हणून काय नेता, काकी? कपाटात अक्कांची इरकल साडी होती, चांगली नवी. मी ताटली मागितली.

महिन्याभराने माझी नात ओवी म्हणाली, "आजी, गावाकडचा मासा कर ना." मी दोनदा टाळलं. तिसऱ्यांदा मामंजींचं बोलणं आठवलं आणि मुकाट्याने पिशवी उचलली. मंडईत टबातली जिवंत मरळ घेतली, कल्ले हलताना पाहून घेतले. शहराबाहेर माहुलीला नदीकाठी जाऊन घोळू खुडला आणि घरी येऊन काडी न् काडी तीनदा मोडली. एकीलाही चीक नव्हता. तरी कालवण रटरटायला लागलं तशी माझी जीभ सुकली. टेबलाशी मुलगा, सून प्राजक्ता आणि ओवी. मी ताटली घेतली, भिंतीशी खाली बसले, पहिला घास उचलला... आणि तो तोंडाशी येईना. इतकी वर्षं मला वाटायचं, अक्का त्या अर्ध्या तासात स्वतःच्या मरणाला भीत असतील. माझ्या ध्यानीमनीही माझं मरण नव्हतं. समोर ओवी रिकाम्या ताटात चमचा वाजवत होती, आणि मला तेवढंच दिसत होतं. घास खाल्ला. चव कशी होती सांगता येणार नाही.

प्राजक्ताला ही सगळी हकीकत मी आदल्या दिवशीच सांगितली होती, ओवीला फक्त अर्धा तास थांबायचं एवढंच. ती उठली, आपलं ताट घेऊन माझ्याशेजारी येऊन बसली. "आई, एकट्या कशाला? मी पण खाते तुमच्याबरोबर."

"दोघी गेलो तर हिला कोण?" मी खेकसले. तिचं ताट तसंच हातात राहिलं. मग ती परत जागेवर गेली आणि ओवीला तिने मांडीवर ओढून घेतलं.

मी भिंतीला टेकून घड्याळाकडे बघत बसले. पोटात काही होत नव्हतं. जीभ चुरचुरत नव्हती. काटा फिरून बरोबर खाली आला तशी ओवी म्हणाली, "आजी, झाला अर्धा तास. वाढ ना."

ताटली माझ्या मांडीवर होती, धुऊन धुऊन पत्र्यासारखी पातळ झालेली.

"थांब जरा," मी म्हटलं. "घड्याळ पुढं आहे."