आभाराच्या यादीत राहिलेलं नाव

कुणाचं अधिवेशन असो, कारखान्याचा वर्धापनदिन असो की डॉक्टरांची परिषद, कारभारी गांगुर्ड्यांना विचारल्याशिवाय नाशकात तारीख ठरायची नाही, असे ते दिवस होते. सतरंजीपासून हारांपर्यंत सगळं त्यांच्या खिशातल्या वहीत. आयोजक हा शब्द तेव्हा पत्रिकेत शोभायचा. पोटापाण्याचा धंदा म्हणून सांगितला तर ठरत आलेली सोयरीक मोडायची.

या धंद्याचा श्रीगणेशा मात्र फजितीनं झाला. १९७४ साली मंडपवाल्याकडची नोकरी सोडून कारभारींनी पहिलं काम अंगावर घेतलं, लासलगावच्या बाजार आवारात शेतकरी मेळावा. वेळ सकाळी दहाची, खुर्च्या तीनशे, पाहुणे पुण्याचे शेतीतज्ज्ञ. हे फसलं असतं तर पुन्हा मंडपाचे बांबूच वाहायचे होते.

दहा वाजता पाहुणे आले, खुर्च्या रिकाम्या. शेतकरी सगळे शंभर पावलांवर, कांद्याच्या बैलगाड्यांपाशी. लिलाव चालू होता. रांगेत कारभारींचे वडील खंडेरावही गाडी घेऊन उभे होते.

"आप्पा, मांडवात चला ना. तुम्ही आले तर बाकीचे येतील."

"बोली लागल्याबिगर गाडी सोडून कोण येतंय? विंचूरच्या कांदेवाल्याचाच पोर ना तू?"

कारभारी लाजेनं अर्धे झाले. याच रांगेत, गाडीखालच्या सावलीत त्यांचं बालपण गेलेलं. वेळ ठरवताना नेमकं तेवढंच विसरले होते.

वाट खंडेरावांनीच काढली. "लिलाव अजून पल्याडच्या रांगेत हाय. पाहुण्यांना माझ्या गाडीवर उभं कर. बैल मी धरतो."

कर्णे उचलून आणले. हौश्या आणि मोरण्या, जुंपलेले, तासभर जागचे हलले नाहीत. शेतकऱ्यांनी आपापल्या गाडीवरूनच पाहुण्यांना प्रश्न विचारून भंडावून सोडलं. शेवटी कारभारींनी यादी काढून बाजार समितीपासून फूलवाल्यापर्यंत सगळ्यांचे आभार मानले.

त्या दिवशी घरी जेवताना खंडेराव बायकोला, सिंधुबाईंना, म्हणाले, "पोरानं आज समद्यांचे आभार मानले. बैलांचं तेवढं राह्यलं."

कारभारी हसले आणि पुढच्या कामाला लागले. काम घेताना मात्र ते आधी विचारायचे, त्या दिवशी तुमची माणसं कुठे असतात? या एका प्रश्नानं त्यांना नाव दिलं. आप्पांचं बोलणं गमतीचं नव्हतं, हे कळायला बरीच वर्षं गेली, आणि कळल्यावर तोंडावर बोलायची लाज वाटत राहिली.

१९८७ साली खंडेराव गेले. नाशकात गंगेच्या घाटावर दशक्रियेला पाचशे माणूस होतं. शेवटी आभारासाठी कारभारी उठले. हातातली यादी त्यांनी घडी करून खिशात ठेवली.

"हौश्या, मोरण्या," ते म्हणाले, "आणि त्यांना धरून उभे राहिलेले आप्पा. लासलगावचे आभार राहिले होते."

मंडळी एकमेकांकडे बघू लागली. कळलं ते एकट्या सिंधुबाईंना. त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

"लय उशीर केला, बाबा," त्या म्हणाल्या.