शालूच्या अंगणातलं न पिकणारं सीताफळ

नाही, चारमिनार बघितला नाही. बिर्याणी खाल्ली नाही, मोत्यांचा हार आणला नाही. हैदराबादला गेले ती झाडासाठी. झाडासाठी कुणी जातं का? मी जाते.

दसरा झाला आणि बरकतपुऱ्याहून धाकट्या बहिणीचा, शालूचा फोन आला. "माई, प्रमोद अंगणातलं सीताफळ तोडायलाय. गाडी लावायचीय म्हणे." प्रमोद तिचा लेक. झाड तिच्या नवऱ्यानं लावलेलं, आणि तो आता नाही. मी पिशवी भरली.

नांदेडहून काचीगुड्याची गाडी धरा, तिथून बरकतपुरा जवळच. डबा घरूनच न्या, गाडीतला चहा म्हणजे रंगीत पाणी. ऑटोवाला दीडशे म्हणाला. "क्या मियाँ, हवाई जहाज है क्या?" ऐंशीवर आला.

पोचले तर शालू तांदळाच्या डब्यात हात घालून बसलेली. दरवर्षी दिवाळीआधी हिरवी फळं काढते, तांदळात पुरते आणि डोळे उघडायची वाट बघते. फळं दगडासारखी.

"बघ मावशी," प्रमोद म्हणाला, "आजवर एक पिकलं नाही. नक्को हे झाड."

मला शंका आली. सकाळी गौलीगुड्याच्या बाजारातून सीताफळं आणली, पाटीतल्या पानांसकट. अंगणात पानाला पान लावलं. बाजारातलं आखूड, शालूचं लांबडं, निमुळतं. बाजारातल्या फळाला डोळेच डोळे. शालूचं गुळगुळीत, अंगावर नुसत्या रेघा.

"अगं, डोळे असतील तर उघडतील! हे रामफळ आहे. होळीला पिकतं. दिवाळीत तोडतेस कशाला?"

"होळीला उरलीसुरली वटवाघळं खातात गं."

"त्यांना अक्कल आहे."

प्रमोदनं फोन काढला. "मावशी, दोन्ही झाडं मूळची अमेरिकेतली."

"असू दे. तुझा पोरगा तिकडंच चाललाय, त्याला कुणी तोडायलंय का?"

शालू हसली. आल्यापासून पहिल्यांदा.

"बरं," प्रमोद म्हणाला, "होळीपर्यंत थांबतो. पहिलं फळ तू खा. चांगलं असलं तर झाड राहील. तू काही तोंडदेखलं बोलायची नाहीस."

मी घरी आले. होळीला ओळखीच्या माणसाबरोबर पेपरात गुंडाळलेलं एक फळ आलं. लालसर, मऊ. खाल्लं, हात धुतले, फोन केला. "साखर आहे रे, साखर!"

झाड जागेवर आहे. गाडी रस्त्यावर उभी असते.

तुम्ही जाणार असाल तर दिवाळीआधी जा आणि गौलीगुड्याची सीताफळं खा. रामफळ खरंच कसं लागलं, ते सांगणार नाही. विचारू नका.