बायकांच्या दारावरची काशीमावशी

काशीमावशी गेल्याचं कार्ड आमच्या गावी, दवनीवाड्याला पोचलं, तेव्हा तिला जाऊन चार दिवस झाले होते. गोंदियात शेजाऱ्यांनीच सगळं उरकलं. मी तिच्या सख्ख्या बहिणीची मुलगी, पण रडायलाही मला उशीरच झाला…

नवऱ्यानं टाकल्यावर मावशी गोंदियाला आली, त्याच साली देश स्वतंत्र झाला. स्टेशनाजवळच्या टॉकीजमध्ये बायकांच्या दारावर तिकिटं फाडायचं काम तिला मिळालं आणि ते तिनं शेवटपर्यंत केलं. दारात उभ्या उभ्या एकेक खेळ ती पन्नासदा बघे. तेव्हाच्या खेळांतली बाई नवऱ्याचा मार खाई, त्याच्याच पायांवर डोकं ठेवून मरे. आतल्या बाया हुंदके देत. मावशी म्हणे, "मेल्यावरच काऊन देवी होते हे?" पुढेपुढे पडद्यावरच्या बाया शिकू लागल्या, नोकरी करू लागल्या, उलट बोलू लागल्या. मावशीला तेही पटेना. "दोन घंटे बोलते अन् शेवटी माफी मागते. मंग बोलली कायले?"

एका उन्हाळ्यात मी तिच्याकडे होते. तीनचा खेळ सुरू झाला आणि एक माणूस दाराशी आला.

"माही बायको आत आहे. न विचारता आली. पाठव बाहेर."

मावशी दारात आडवी आली. "तिकीट आहे तिच्याजवळ. खेळ संपला का मंग ने."

त्यानं तिच्या थोबाडीत मारली. दारालगतच्या बायांनी वळून बघितलं आणि पुन्हा पडद्याकडे तोंडं फिरवली. तिथेही एक बाई मार खात होती, तिच्यासाठी त्या रडत होत्या… त्या माणसाची बायको मात्र उठून आली. मावशीचा हात हळूच बाजूला करून, मान खाली घालून त्याच्यामागे गेली.

संध्याकाळी मॅनेजर म्हणाला, "माफी माँग लो बाई, बात खतम करो." दुसऱ्या दिवशी तो माणूस आला आणि मावशीनं माफी मागितली. मी चिडले. "तू काऊन मागितली?"

ती गाल चोळत म्हणाली, "मी गेली तं इथं माणूस बसवतील. तो कोणाले अडवन?… थकली बाई मी."

काही महिन्यांनी ती बायको पुन्हा आली, एकटी. मावशीनं तिला दारापासून लांब, पुढच्या बाकावर बसवलं.

परवा मी मावशीच्या टॉकीजात तीनच्या खेळाला गेले. पडद्यावरची बाई स्वतः मोटार चालवत होती, बाया खुशीत टाळ्या वाजवत होत्या. दारावर आता माणूस बसवला आहे. मध्येच बाहेरून कुणीतरी बायकोचं नाव घेऊन हाक मारली. दारावरच्या माणसानं काही न विचारता दार उघडून दिलं, आणि माझ्या शेजारची बाई चपला शोधू लागली.