भाऊसाहेब चालायला लागले

मोखाड्याच्या एका खाजगी दवाखान्यात मी बरीच वर्षं लॅब सांभाळली. रक्ताचे नमुने रोजच्या रोज फेकून देता येतात, पण रक्त द्यायला येणाऱ्यांचे किस्से फेकवत नाहीत. साठतच जातात!

शिंदे भाऊसाहेब हे सरकारी क्लार्क. शुगर भरपूर, पोट त्याहून भरपूर. डॉक्टरांनी दम दिला, "रोज तासभर चाला, नाहीतर इन्शुलिनची सुई!" भाऊसाहेब सुईला जाम घाबरायचे.

महिन्याने शुगर तेवढीच!

डॉक्टरांनी विचारलं, "चाललात ना?"

"रोज निघतो हो! पण प्रत्येक जीपवाला थांबतो. 'भाऊसाहेब, बसा' म्हणतो. ओळखीच्या माणसाला नाही कसं म्हणायचं?"

"मग जीप जात नाही तिकडे चाला!"

•

डॉक्टरांनी त्यांना समजावलं, "इन्शुलिन हाक मारतंय. पण पोटावर एवढी चरबी, की शरीराला ती हाक ऐकूच येत नाही. नेटाने चाललात, की ऐकू येईल."

भाऊसाहेबांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, शेजारीच होत्या. "डॉक्टर, माझी हाकसुद्धा ऐकू येईल का यांना?"

•

मग भाऊसाहेब पाड्याकडच्या पायवाटेने जायला लागले. तिथे रोज जानकीआजी भेटायची, डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन बाजाराला निघालेली. सत्तरीची बाई पुढे, हे मागे धापा टाकत.

"कशाला रं चालतोस, बाबा?"

"पोट उतरवायला, आजी."

आजी थांबली. "आमी तं पोट भराया चालतो!"

हे आम्हाला सांगताना भाऊसाहेब हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मोळी आपल्या डोक्यावर घेतली. वीस पावलांत आजीने परत घेतली. "दे इकडं! तुझ्यासंगं चाललं तं बाजार उठल!"

•

चार महिने झाले. वजनकाटा जेमतेम हललेला. भाऊसाहेब चिडले. पण रिपोर्टमध्ये शुगर चक्क उतरलेली!

डॉक्टर खूश. "पोटावरची चरबी गेली, पायांत ताकद आली. काट्याकडे नका बघू, पँटकडे बघा!"

पँटकडे सगळ्या ऑफिसनेच बघितलं. जिल्ह्याचे साहेब आले, सगळे उठले, नमस्कार केला. भाऊसाहेबांचे दोन्ही हात मात्र कमरेवर!

"तुम्हाला नमस्कार करायला जड जातं का?"

"साहेब, हात जोडले तर पँट खाली येईल!"

सुई टळली ती टळलीच. वहिनींनी दवाखान्यात पेढे आणले. भाऊसाहेबांना सोडून सगळ्यांना दिले.

•

त्याच सुमारास मुंबईहून एका औषध कंपनीचा एमआर माल खपवायला आला. शुगर तपासायचं नवं मशीन, बोटाला टोचलं की लगेच आकडा!

"सर, तुमच्यावरच डेमो देतो."

डॉक्टरांनी ऐटीत बोट पुढे केलं. आकडा आला. चांगलाच चढलेला! एमआरने मशीन हलवून बघितलं.

"मशीन बिघडलंय," डॉक्टर म्हणाले.

एमआरने घाईघाईने स्वतःची शुगर बघितली. नॉर्मल. मग माझी. नॉर्मल.

बाहेर पेशंटची रांग लागलेली. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप काढून टेबलावर ठेवला. खाली वाकले, बुटांच्या नाड्या घट्ट बांधल्या, मागचं दार उघडलं आणि मला म्हणाले,

"बाहेर सांग, डॉक्टर व्हिजिटला गेलेत. पायी!"