नऊच सुटे ठोकळे

डी.एल.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला खेड्यातल्या शाळेत पाठ घ्यायला पाठवलं होतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे आमच्या गावी, राणीसावरगावात, वडील भेटेल त्याला सांगत होते, पोरगी मास्तरीण झाली. मी झाले नव्हते. माझा गणिताचा पाठ नापास झाला होता. शेरा होता, ‘साहित्याचा वापर नाही.’ पुन्हा एक संधी मिळाली होती. तीही गेली असती तर वर्ष गेलं असतं, आणि वडिलांना गावभर फिरून सगळं परत घ्यावं लागलं असतं.

शाळेत साहित्य नव्हतं असं नाही. गणिताची अख्खी पेटी मुख्याध्यापकांच्या कपाटात होती. सुटे ठोकळे, दहा-दहाच्या अखंड दांड्या, सगळं आलं तसं प्लास्टिकमध्ये. फक्त उदबत्ती तेवढी लावत नव्हते.

“मोजून न्या, मोजून आणा,” सर म्हणाले. “तपासणीला पेटी भरलेली लागते. एक बी कमी चालत न्हाई.”

“सर, मुलं हाताळतील...”

“हाताळू द्या की. फक्त हात लावू देऊ नका.”

हे आम्हाला कॉलेजात शिकवलंच नव्हतं.

सरांनी मोजून तीन दांड्या दिल्या आणि नऊ सुटे ठोकळे. मी भीतभीत म्हणाले, “सर, सुटे थोडे जास्त...”

“कशाला? एककाच्या घरात नऊच्या वर आकडा असतो का?”

नसतो. त्यांच्या वीस वर्षांच्या नोकरीपुढं मी काय बोलणार! मी सही केली.

दुसरीच्या वर्गात आमच्या कॉलेजच्या बाई वही घेऊन मागे बसल्या. फळ्यावर बत्तीस वजा सात. टेबलावर मी तीन दांड्या आणि दोन सुटे मांडले, आणि पुढच्या बाकावरच्या मुलीला बोलावलं. तिनं दोन सुटे काढले. मग एक दांडी उचलून दोन्ही हातांनी वाकवली.

“म्याडम, मोडू का?”

“नको!” मी इतक्या जोरात ओरडले की बाईंचा पेन थांबला.

“मग पाच कुठून काढू?”

खरं तर एक दांडी परत घेऊन तिला दहा सुटे द्यायचे असतात. माझ्याकडे पिशवीत उरले होते सात. मी ते सात पुन्हा मोजले. सातच होते.

मुलगी बाहेर पळाली. खिचडी शिजवणाऱ्या मावशींच्या सरपणातून कवळाभर तुराट्या, तुरीच्या वाळक्या काड्या, घेऊन आली. दहा-दहाच्या तीन पेंढ्या पोरांनीच बांधल्या. एक सुतळीनं, एक कुणाच्या करदोट्यानं, एक तिच्या रिबिनीनं. बाजूला दोन सुट्या. तिनं दोन काढल्या, रिबीन सोडली, आणखी पाच काढल्या.

“दोन पेंढ्या अन् पाच. पंचवीस!”

“माझं सरपण कोन नेलं गं?” दारात मावशी उभ्या होत्या. “पोरायला काय कच्ची खिचडी चारू?”

“जाळायला का शिकायला, मावशे?” मागून एक पोरगा म्हणाला. वर्ग हसला. बाई मात्र हसल्या नाहीत.

तास संपल्यावर त्यांनी विचारलं, “साहित्य म्हणून पेटी लिहू ना?”

‘हो’ म्हटलं असतं तर सगळं सोपं होतं. “बाई, पेटीनं नाही झालं. तुराट्यांनी झालं. आणि त्या तिनं आणल्या.”

त्यांनी बराच वेळ काहीतरी लिहिलं. मी उलट्या बाजूनं वाचायचा प्रयत्न केला. ‘साहित्य: तुराट्या. पाठ उत्तीर्ण.’ गुण काठावरचे होते. काठ तर काठ.

मी ठोकळे परत नेऊन दिले. सरांनी दोनदा मोजले आणि कपाट लावलं. माझ्या प्रमाणपत्रावर त्यांनी स्वतःहून एक ओळ वाढवली: ‘साहित्य अत्यंत जपून वापरतात.’

तिकडे मावशी उरलेल्या सात तुराट्या मागत होत्या. मुलगी त्या पाठीमागं धरून उभी होती.

“त्या वजा केल्यात,” ती सांगत होती. “आता परत कशा येतील?”