वहिनींचा लाल दगड

मंडळी, आत्ताच सोनभद्र जिल्ह्यातून परतलो. वहिनींना घरी, दुर्गाघाटाकडे रिक्षात बसवून दिलं आणि मी सायबर कॅफेत येऊन बसलो. घरी जायचं धाडस होत नाही.

खाणीतल्या मजुरांना, मासेमारांना विचारत विचारत चार वर्षांत मी सोन नदीचं एक वळण शोधून काढलं आहे. तिथे गुळगुळीत लाल दगड मिळतात. आपण दगड जमवणारे ते संग्रहात ठेवतो. आमच्या घरी मात्र पाच देवांच्या पूजेत असा दगडच गणपती म्हणून मांडतात. वहिनींच्या देवघरात गणपतीची जागा रिकामी आहे, म्हणून आज त्या माझ्यासोबत आल्या.

पाय धुता धुता त्यांनी वाळूतून एक दगड उचलला. डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल! मला चार वर्षांत असा एकही मिळालेला नाही.

“भाऊजी, हा चालेल का हो?”

माझा नुसता जळफळाट झाला. त्यांनी टाकला की मागून हळूच उचलू, असा विचार करून मी म्हणालो, “वीट आहे, वहिनी. पाण्याने घासलेली.”

“अगं बाई! मी विटेची पूजा करणार होते!” त्या खळखळून हसल्या आणि त्यांनी दगड भिरकावला, थेट मधल्या धारेत.

बसमध्ये म्हणाल्या, “तुम्ही होतात म्हणून बरं, नाहीतर फसले असते.”

दुसऱ्याचा दगड पाहून तुमच्यापैकी कुणी असं खोटं बोललं आहे का? आणि नंतर खरं सांगितलं असेल, तर सुरुवात कशी केलीत?