वेळ अमावस्येची गाडी

तीन जानेवारी, शुक्रवार, सकाळचे अकरा. रक्कम छत्तीस हजार रुपये. जागा सिरसाळ्यातलं खत व्यापाऱ्यांच्या संघाचं कार्यालय. हजर चौघे: संघाचे अध्यक्ष, त्यांचे हिशेबनीस, परळीच्या मालधक्क्यावरचा हमालांचा मुकादम आणि मी.

चोवीस वर्षं मी एकच काम करतो आहे. एक टन माल इथून तिथे न्यायला रेल्वेने किती पडतं आणि ट्रकने किती, हे काढून देतो. आधी सिकंदराबादला, रेल्वेच्या लेखा विभागात. आता अंबाजोगाईत घरी बसून, सल्लागार म्हणून. खत ट्रकने आणू नका, वीस वॅगनची गाडी थेट परळीला मागवा, हे या संघाला मीच सांगितलं. कागदावर बचत चांगली दिसत होती. अट एकच: ठरलेल्या तासांत गाडी रिकामी झाली पाहिजे. नाही झाली तर दर वॅगनमागे, दर तासाला रेल्वेला दंड. धक्क्यावर त्याला डेमरेज म्हणतात.

गाडी तीस डिसेंबरला लागणार होती. चार दिवस आधी मुकादमाचा फोन आला.

"साहेब, सोमवारी वेळ अमावस्या हाय. सगळी टोळी रानात जाती. एक दिवस पुढं ढकला की."

खत कंपनीला एक फोन केला असता तर गाडी एक दिवस उशिरा भरली गेली असती. पण वेळापत्रक मी आखलं होतं. ते बदला म्हणायचं म्हणजे आपलं चुकलं हे कबूल करायचं. मी म्हणालो, "मुकादम, रेल्वेच्या कॅलेंडरात वेळ अमावस्या नसते." वाक्य बरं जमलं असं वाटून हसलोही.

माझा जन्म धर्मापुरीजवळचा. त्या दिवशी पूजा आणि जेवण शेतातच, आमच्याकडे गावात माणूस सापडत नाही, हे मला कुणी सांगायला नको होतं. जास्त लाज वाटते ती पुढच्या गोष्टीची. त्या सोमवारी मी स्वतः भावाच्या शेतात होतो. पूजेला उभारलेल्या कडब्याच्या कोपीपुढे बसून दोनदा पालेभाज्या-डाळींची भज्जी मागून घेतली, आंबील प्यालो, झाडाखाली झोपलो. फोन मोटारीत राहिला होता. तिकडे सकाळी सातला वॅगनी धक्क्याला लागल्या आणि मुकादम धरून साठ हमालांपैकी अकरा आले. बाकीचे आले ते दिवस मावळल्यावर. दंड बारा तासांचा बसला, छत्तीस हजार.

"कावून बे," अध्यक्ष मुकादमाला म्हणाले. मुकादम त्यांच्याहून दहा वर्षांनी तरी मोठा असेल. "गाडी धक्क्यावर आन् तुमी रानात बाजरीचे उंडे खात बसले?"

"म्या साहेबाला आधीच सांगितलतं."

अध्यक्ष माझ्याकडे वळले. "सांगितलं होतं का, सर?"

मी समोरच्या चहाकडे बघितलं. "तसं स्पष्ट बोलणं झाल्याचं आठवत नाही."

मुकादमाने वाद घातला नाही. "आठवत न्हाई म्हनतेत. बरं," एवढंच म्हणाला. सगळी रक्कम टोळीच्या हमालीतून कापायची ठरलं, माणशी सहाशे. हिशेबनिसांनी भागाकार माझ्याकडूनच पडताळून घेतला. बरोबर होता.

घरी येऊन मी फोनमध्ये मुकादमाच्या त्या कॉलची नोंद शोधली. दोन मिनिटं दहा सेकंद. पुसली नाही आणि कुणाला दाखवलीही नाही. फेब्रुवारीत अध्यक्षांनी सांगितलं, "बाहेरची टोळी लावायची हाय. हे लोक भरवशाचे नाहीत, अशा दोन ओळी अहवालात टाका." आयुष्यभर कारणाच्या रकान्यात मी खरं कारण लिहीत आलो. त्या रकान्यापुढे एक अख्खी दुपार बसलो आणि काही लिहिता आलं नाही. दुसऱ्या दिवशी बँकेतून छत्तीस हजार काढून धक्क्यावर गेलो.

"पैसे कावून?" मुकादमाने विचारलं.

"तुमचे कापले ते."

"कापले त्येंनी. तुमी काय केलं ते बोला."

"खोटं बोललो."

"ते मला म्हाईत हाय, मला काय सांगता? ह्या समद्या टोळीला वाटतंय, मुकादमच सांगायचं इसरला. दीड महिना कुनी माझ्यासंगं चहा घेत न्हाई. एकेकाला सांगा, मग पैसे द्या."

मी पोत्यावर बसलो. रांग लागली. "मुकादमाने मला आधीच सांगितलं होतं. मी बैठकीत खोटं बोललो. हे तुमचे सहाशे." पहिल्या दोघांना मी सुरुवातीला 'कामाच्या गडबडीत' असं जोडलं. मुकादम शेजारून म्हणाला, "गडबड न्हवती." तिसऱ्यापासून ते गळलं.

एका हमालाने पैसे खिशात घालत विचारलं, "मग त्या दिशी तुमी कुठं हुते, साहेब?"

"भावाच्या रानात."

रांग हसली. "भज्जी कशी झालती?"

"चांगली."

"आमची बी लई चांगली झालती. सहाशे रुपये ताट पडलं."

एकोणसाठ जण झाले. मुकादम पैसे घेईना. म्हणाला, "अध्यक्षाला लावा फोन. मला ऐकू येऊ द्या." मी फोन लावला, स्पीकर चालू केला आणि तेच तीन वाक्यांत सांगितलं. टोळी भरवशाची आहे, असंच मी अहवालात लिहिणार, हेही सांगितलं. मग अध्यक्ष म्हणाले, "सर, झालं गेलं कावून उकरता? टोळी राहू द्या म्हणता तर राहू द्या. पण अहवाल आता दुसऱ्याकडून लिहून घेतो."

अकरा फेब्रुवारी, दुपारी दोनपर्यंत दिलेली रक्कम: एकोणसाठ हमालांना माणशी सहाशे, म्हणजे पस्तीस हजार चारशे. उरलेले सहाशे मुकादमाने फोन बंद झाल्यावर घेतले आणि माझ्यासमोर मोजले.